तेल डेपोजवळच्या विहिरीला धोका किती, आणि तो ओळखायचा कसा?

तुम्ही विचारलंय की मनमाडजवळच्या पानेवाडीच्या डेपोपासून तुमची विहीर दीडेक किलोमीटरवर आहे, तिथवर तेल पोचेल का आणि पोचलं तर कळेल कसं. मी एका इंधन टर्मिनलवर टाक्यांच्या कामावर बरीच वर्षं होतो आणि माझं घरही विहिरीच्याच पाण्यावर चालतं, म्हणून सविस्तर लिहितो.

नुसत्या अंतरावर विसंबू नका. आपल्याकडे वर माती, खाली मुरूम आणि त्याखाली काळा कातळ. कातळात पाणी भेगांमधूनच वाहतं, आणि पाण्यात विरघळलेलं तेलही त्याच वाटेनं जातं. त्यामुळे डेपोलगतची विहीर चांगली राहून लांबची बिघडू शकते. तुमच्या विहिरीचे झरे कोणत्या अंगाने आहेत, हे खोदकाम पाहिलेल्या जाणत्या माणसाला विचारा. डेपोच्या अंगाने असतील तर जास्त सावध राहा.

टाकी फुटण्याची भीती सगळ्यांना असते. मला जास्त भीती वाटते ती टाकीच्या तळाची. तो जमिनीवर टेकलेला असतो, खालून गंजतो आणि डोळ्यांना दिसत नाही. २४ मीटर व्यासाच्या टाकीत पातळी १ मिलिमीटर उतरली म्हणजे साधारण ४५० लिटर गेलं. एवढा फरक उन्हातान्हात तेल फुगण्या-आकसण्यातही पडतो, म्हणून रोज डिप घेऊनही, म्हणजे टाकीत पट्टी सोडून तेलाची पातळी मोजूनही, बारीक गळती निसटते. जमिनीखालच्या पाइपलाइनचंही तेच. चेन्नईच्या तोंडियारपेटमध्ये २०१३ साली लोकांच्या बोअरला इंधन लागलं, ते पाइपलाइनच्या गळतीमुळे.

टाक्यांभोवती बांध असतो. सगळ्यात मोठी टाकी रिकामी झाली तरी तेल आत मावावं, असा त्याचा हिशोब. पण त्या बांधाला पावसाचं पाणी काढायला एक व्हॉल्व्ह असतो. एका पावसाळ्यात आमच्याकडे तो रात्रभर उघडा राहिला. सकाळी फेरीवर मला दिसला तेव्हा हातपाय गार पडले. त्या रात्री गळती झाली असती तर बांध असून नसल्यासारखा होता. म्हणून ग्रामसभेत विचारायचं ते हे: टाकीचा तळ शेवटचा कधी तपासला, बांधाचा व्हॉल्व्ह बंद असल्याची नोंद कोण ठेवतं, आणि आवारातल्या निरीक्षण विहिरींच्या पाण्याचे अहवाल दाखवाल का?

आता तुमचं पाणी. नेहमीच्या तपासणीत बेंझिन, म्हणजे पेट्रोलमधला एक विषारी घटक, बघत नाहीत, ते नाव घेऊन सांगावं लागतं. भारतीय मानकाची पिण्याच्या पाण्यातली मर्यादा लिटरला ०.०१ मिलिग्रॅम आहे. पेट्रोलमध्ये बेंझिन १ टक्क्यापर्यंत चालतं. तेवढं असेल तर १ लिटर पेट्रोलमधलं बेंझिन जवळजवळ ९ लाख लिटर पाणी त्या मर्यादेपर्यंत न्यायला पुरतं. नमुना काचेच्या बाटलीत काठोकाठ भरा, हवा राहू देऊ नका, बर्फात ठेवून त्याच दिवशी प्रयोगशाळेत पोचवा. आत्ता पाणी चांगलं असतानाच एक तपासणी करून अहवाल जपून ठेवा. पुढे तक्रार करायची वेळ आली तर तुलनेला तोच लागेल.

आणि वास आलाच, तर गाळ काढायला कुणालाही विहिरीत उतरवू नका. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती तळाशी साचते आणि माणूस जागीच बेशुद्ध पडतो. मोटर सुरू करू नका, ठिणगी पुरते. पाणी उकळून प्यायचा विचारही नको. तहसील कार्यालय आणि प्रदूषण नियंत्रण मंडळ, दोन्हीकडे त्याच दिवशी लेखी कळवा आणि पोच घ्या.