सासूबाई आळ घेतात तेव्हा काय करायचं

ताई, तुमचा प्रश्न नीट वाचला. सासूबाई ७४ च्या, न्यूरोलॉजिस्टनी अल्झायमर सांगून डोनेपेझिल ही गोळी सुरू केलीय, घरात रोज "हिनेच माझ्या पाटल्या घेतल्या" म्हणून तुमच्यावर आळ, तिन्हीसांजा झाल्या की "मला घरी सोडा, दादा वाट बघत असेल" आणि तो दादा तर कधीच गेलाय. मिस्टर म्हणतात वयोमानाप्रमाणे होतं असं. तुम्ही विचारलंय की त्यांना खरं सांगायचं का, आणि गोळीचा काही उपयोग आहे का. मी माझ्या आईचं शेवटपर्यंत केलंय म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी पाटल्यांचं, कारण तुम्हाला तेच सगळ्यात जास्त लागलंय हे कळतंय. या आजारात मेंदूतला हिप्पोकॅम्पस नावाचा भाग फार लवकर खराब होतो आणि नवीन गोष्ट साठवायचं काम त्याचंच. त्यामुळे होतं काय, की त्यांना भीती वाटते म्हणून त्या पाटल्या कुठेतरी नीट लपवतात, पण लपवल्याची आठवण तयारच होत नाही, म्हणजे विसरल्या असंही नाही, ती मुळात नोंदलीच गेली नाही. मग कपाट उघडलं की पाटल्या नाहीत. त्यांच्या बाजूने विचार करून बघा, मी ठेवल्या नाहीत हे तर त्यांना पक्कं माहिती आहे, मग कोणीतरी घेतल्याच असणार ना, आणि दिवसभर जवळ कोण असतं तर तुम्ही. जी व्यक्ती सगळ्यात जास्त करते तिच्यावरच आळ येतो, बहुतेक घरात हेच बघितलंय. डॉ. अल्झायमर यांनी १९०१ मध्ये फ्रँकफर्टला ज्या ५१ वर्षांच्या बाईंना तपासलं, ज्यांच्या केसवरून या आजाराला नाव मिळालं, त्यांचा आजारही नवऱ्यावरच्या संशयापासूनच लक्षात आला होता. तेव्हा हा संशय म्हणजे सासूबाईंच्या मनात तुमच्याबद्दल आधीपासून काही होतं असं अजिबात धरू नका, तो आजाराचाच भाग आहे.

म्हणून "मी नाही घेतल्या" हा वाद घालूच नका, त्यात जिंकता येत नाही. "अगंबाई, सापडत नाहीयेत का, चला बघू या" म्हणायचं आणि सोबत शोधायचं. लपवायच्या जागा प्रत्येकाच्या ठरलेल्या असतात, आमच्याकडे तांदळाचा डबा, उशीचा अभ्रा आणि देवघरातली पितळी पेटी. खऱ्या पाटल्या लॉकरमध्ये ठेवा आणि तशाच दिसणाऱ्या वन ग्रॅमच्या आणून हातात घाला.

आता दादाचं. तो गेला हे सांगितलं की त्यांच्यासाठी ती बातमी आत्ताची असते, त्या आत्ता रडणार, अर्ध्या तासाने काय सांगितलं ते जाईल पण ते दुःख, ती बेचैनी मागे राहील, कशामुळे वाईट वाटतंय हेही त्यांना कळणार नाही. आणि उद्या परत तेच. हे रोज रोज करण्याला माझा स्पष्ट विरोध आहे, भले कोणी म्हणो की आईशी खोटं बोलू नये. खोटंही बोलायची गरज पडत नाही बरेचदा. "दादाची आठवण येतेय का आई? लहानपणी तुम्ही दोघं नदीवर जायचात ना?" एवढं म्हटलं तरी त्या बोलायला लागतील कारण जुनं अजून शाबूत आहे. त्यांना त्या वेळी दादा हवा असतो त्याहून जास्त आपलं माणूस, आपली जागा हवी असते. संध्याकाळीच हे वाढतं कारण दिवसभराचा थकवा, उजेड कमी, सावल्या, त्यामुळे सहा वाजायच्या आधीच घरातले सगळे लाइट लावा, टीव्हीवरच्या बातम्या बंद, दुपारची झोप आटोपशीर, चार नंतर चहा नको.

आणि त्या वेळेला हाताला काम द्या. आईला नावं आठवत नव्हती, मला ती ताई म्हणायची, पण कापूस समोर ठेवला की ती वाती वळायची. आधी कापूस मोकळा करायची, सरकी निघाली तर बाजूला ठेवायची, मग तळव्याला किंचित दूध लावून एका सरक्या हाताने वात, सगळ्या एकसारख्या. हाताला लागलेली सवय मेंदूच्या दुसऱ्या भागात असते आणि ती खूप उशिरा जाते. वाती असोत, मटार सोलणं असो, कपड्यांच्या घड्या असोत, तुमच्या सासूबाई आयुष्यभर जे करत आल्यात ते द्या आणि घडी वाकडी झाली तर त्यांच्यासमोर परत घालू नका. भजनं, आरत्यांचंही तसंच, स्वतःहून म्हणतील. "मी कोण ओळखा बघू" हा खेळ मात्र पाहुण्यांना सक्त बंद करा, स्वतःच नाव सांगून आत या म्हणावं.

गोळीबद्दल. डोनेपेझिल आजार थांबवत नाही, मेंदूत निरोप पोचवणारं अ‍ॅसिटिलकोलीन नावाचं रसायन कमी पडतं ते थोडं टिकवून धरतं, काहींना काही काळ बरा फरक जाणवतो, काहींना नाही. मळमळ, जुलाब होऊ शकतात, रात्री भयानक स्वप्नं पडत असतील तर सकाळी देता येईल का विचारा, आणि नाडी मंद होऊ शकते म्हणून चक्कर आली तर लगेच कळवा. सर्दीची, अ‍ॅलर्जीची, झोपेची गोळी केमिस्टकडून आणून देऊ नका, त्यातल्या काही नेमक्या याच्या उलट काम करतात आणि गोंधळ वाढतो. बी१२ आणि थायरॉइड तपासलंय का बघा, ते कमी असेल तरी स्मरणशक्तीवर परिणाम होतो आणि ते सुधारता येतं. अजून एक, एका-दोन दिवसात अचानक बिघडल्या, भास व्हायला लागले, फार झोपून राहायला लागल्या तर आजार वाढला म्हणून बसून राहू नका. अल्झायमर असा रातोरात वाढत नाही. म्हाताऱ्या बायकांमध्ये बरेचदा लघवीचं इन्फेक्शन निघतं, ताप नसतानाही, नाहीतर पाणी कमी पडलेलं असतं किंवा पोट साफ नसतं. त्याच दिवशी डॉक्टर.

मिस्टरांना सांगा की वयोमानाने माणूस चष्मा कुठे ठेवला विसरतो, स्वयंपाकघरात उभं राहून स्वयंपाकघर कुठे आहे विचारत नाही. तरी पटत नसेल तर तुम्ही चार दिवस माहेरी जा, खरंच जा, आणि आई पूर्ण त्यांच्याकडे. नणंदबाई फोनवर "आई तर छान बोलते" म्हणत असतील तर त्यांनाही तेच. दहा मिनिटं ही माणसं फार छान निभावून नेतात, त्याचा त्रास मागाहून घरात निघतो. एकट्या सुनेने हे करायचं नसतं, करताही येत नाही, नुसत्या सहनशक्तीवर तर अजिबात नाही.

कागदपत्रांना मात्र उशीर करू नका. मृत्युपत्र, बँकेतलं जॉइंट नाव, नॉमिनी हे त्यांना समजतंय तोवर आणि डॉक्टरांच्या सर्टिफिकेटसकट. पॉवर ऑफ अ‍ॅटर्नी करून ठेवली की झालं असं लोक समजतात, पण माणसाची समज गेली की ती चालत नाही, मग पालक नेमून घ्यायला कोर्टात जावं लागतं. मदतीसाठी १४५६७ ही ज्येष्ठांची हेल्पलाइन आहे, आणि एआरडीएसआय (अल्झायमर्स अँड रिलेटेड डिसऑर्डर्स सोसायटी ऑफ इंडिया) ही संस्था १९९२ पासून फक्त याच विषयात काम करते, मुंबईतही त्यांची शाखा आहे, तिथे सांभाळणाऱ्यांच्या मीटिंग होतात का विचारा.

पुढच्या अपॉइंटमेंटला जाताना आठवडाभराचं लिहून न्या, कधी चिडल्या, किती झोपल्या, काय खाल्लं, आणि तो कागद आत जायच्या आधीच डॉक्टरांच्या हातात पडेल असं बघा, कारण सासूबाईंसमोर हे सगळं तुम्हाला बोलता येणार नाही.