सुलभ, सुगम्य आणि बांधेसूद

प्रश्न असा आला आहे: वेबसाइट बनवायला शिकणाऱ्यांसाठी मराठीत टिपणं लिहिताना ‘ॲक्सेसिबल, वेल-स्ट्रक्चर्ड जावास्क्रिप्ट’ याला ‘सुलभ व सुसंरचित जावास्क्रिप्ट’ म्हटलं तर चालेल का?

‘ॲक्सेसिबल’ म्हणजे दिव्यांग व्यक्तींनाही वापरता येण्याजोगं, आणि जावास्क्रिप्ट म्हणजे वेबपानाला क्लिकला प्रतिसाद द्यायला लावणारी भाषा. ‘सुलभ’ इथे नको. लभ् म्हणजे मिळणं. सहज मिळतं ते सुलभ, मुश्किलीने मिळतं ते दुर्लभ. मराठीत त्याचा अर्थ पुढे ‘सोपं’ इथवर पसरला: सुलभ हप्ते, सुलभ व्याकरण. त्यामुळे ‘सुलभ जावास्क्रिप्ट’ वाचून कुणालाही नवशिक्यांसाठी सोपी करून सांगितलेली जावास्क्रिप्ट असंच वाटेल. ‘प्रवेशयोग्य’ला पात्रतेचा वास येतो, त्यावरून कॉलेजची प्रवेशयादी आठवते.

माझं मत ‘सुगम्य’ला. गम् म्हणजे जाणं, पोचणं. धातूला ‘य’ लागला की ‘तसं करता येण्याजोगं’ असा अर्थ येतो: पेय, गेय, तसंच गम्य. अगम्य, बोधगम्य हे शब्द मराठीत रुळलेलेच आहेत, तेव्हा ‘सुगम्य’ला हिंदी म्हणून दूर सारायचं कारण नाही. केंद्र सरकारने 3 डिसेंबर 2015 रोजी, जागतिक दिव्यांग दिनी, सुगम्य भारत अभियान सुरू केलं आणि तो कानांवर जास्त पडू लागला, इतकंच. त्या अभियानात इमारती आणि वाहतूक यांच्या जोडीने वेबसाइटही होत्या. संस्कृतच्या हिशेबाने नुसतं ‘सुगम’ पुरतं, पण मराठीत तो शब्द संगीताने घेतला आहे.

सोपं असणं आणि पोचता येणं यांत किती अंतर आहे, ते एका फॉर्मवर पाहा. ‘जिल्हा’, ‘तालुका’, ‘मोबाइल क्रमांक’ असे तीन रकाने आहेत. तालुक्याची यादी दिसायला छान हवी म्हणून कुणीतरी ती साध्या ‘डिव्ह’वर (पानावरच्या नुसत्या कप्प्यावर) क्लिक ऐकणारी जावास्क्रिप्ट लावून बनवली. माउस हाती असलेल्याला ती अगदी सोपी. आता माउस बाजूला ठेवून टॅब दाबा: फोकस, म्हणजे कळफलकाचा ताबा ज्या रकान्यावर असतो ती जागा, जिल्ह्यावरून थेट मोबाइल क्रमांकावर. तालुका वगळला गेला! टॅबने पोचता यावं म्हणून डिव्हला ‘टॅबइंडेक्स’ शून्य दिला तर फोकस तिथे येतो, पण एंटर किंवा स्पेस दाबून काही घडत नाही, कारण डिव्हला त्या कळा ऐकायला कुणी सांगितलेलंच नसतं. तेही लिहिलं, तरी एनव्हीडीएसारखा स्क्रीन रीडर (पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारा प्रोग्राम) ‘तालुका निवडा’ हे शब्द वाचतो. ही यादी आहे आणि आत्ता मिटलेली आहे, हे अंध वापरकर्त्याला कळायला मार्ग नाही. पान ज्या भाषेत मांडतात त्या एचटीएमएलचा साधा ‘सिलेक्ट’ (तयार निवडयादी) वापरला असता तर यातलं सगळं आयतं मिळालं असतं. म्हणून एरियाच्या (पानाचे भाग स्क्रीन रीडरला समजावणाऱ्या खुणांच्या) नियमांतही पहिला नियम हाच आहे की, एचटीएमएलमध्ये तयार घटक असेल तर आधी तो वापरा. हा नियम मला फार मोलाचा वाटतो.

असंच चूक दाखवणाऱ्या सूचनेचं. ‘क्रमांक दहा अंकी हवा’ ही लाल ओळ जावास्क्रिप्टने पानावर टाकली, तरी स्क्रीन रीडर त्याबद्दल अवाक्षर काढेलच असं नाही. त्यासाठी ‘एरिया-लाइव्ह’ (इथला बदल वाचून दाखव, असं सांगणारी खूण) लावलेली रिकामी जागा पानावर आधीपासून ठेवायची आणि मजकूर नंतर तिच्यात भरायचा. जागा आणि मजकूर एकदम टाकले तर ती सूचना अनेकदा वाचलीच जात नाही.

आता ‘सुसंरचित’. शब्द चुकीचा नाही, पण जड आहे, आणि आपल्याकडे ‘बांधेसूद’ असताना तो कशाला? बांधेसूद शरीर म्हणतो तसं बांधेसूद कथानकही म्हणतो. कोडलाही तो चपखल बसतो. मेनू उघडायचं काम तीन ठिकाणी विखुरलं असेल तर दोन ठिकाणी ‘एरिया-एक्सपांडेड’ (मेनू उघडा की मिटलेला, ही नोंद) बदलतो आणि तिसऱ्या ठिकाणी राहून जातो. मग मेनू डोळ्यांना उघडा दिसतो आणि स्क्रीन रीडर तो मिटलेला आहे असं सांगतो. उघडणं-मिटणं एकाच फंक्शनमध्ये, म्हणजे कोडच्या एकाच तुकड्यात ठेवलं, दिसणं आणि एरियाची नोंद तिथेच एकत्र बदलली, की ही विसंगती उरत नाही. म्हणजे तुमच्या प्रश्नातली दोन विशेषणं एकमेकांना धरून आहेत.

वापराबद्दल आणखी एक. इंग्रजीत ‘ॲक्सेसिबल’ हे विशेषण जावास्क्रिप्टला लावतात, पण पोचायचं असतं ते पानापर्यंत. मराठीत विशेषण योग्य जागी न्यावं: ‘सुगम्य वेबसाइटसाठी बांधेसूद जावास्क्रिप्ट’. लिंगही सांभाळा, ‘स्क्रिप्ट’वरून जावास्क्रिप्ट स्त्रीलिंगीच बरी वाटते.

‘फोकस’चं भाषांतर मात्र करू नका. ‘केंद्रबिंदू’ लिहिलंत तर वाचणारा भूमितीत शिरेल. ‘खिडकी बंद झाली की, ज्या बटणाने ती उघडली त्याच्यावर फोकस परत न्या’ या वाक्यात खिडकी आणि बटण मराठी म्हणून आलेत, फोकस फोकस म्हणूनच आला आहे, आणि कोड लिहिणाऱ्याला काय करायचं ते लगेच कळतं.