डिस्क चार, प्रत एकच : नॅसविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न : नाशिकला सातपूरमध्ये आमचा यंत्रभागांचा कारखाना आहे. अकरा संगणक आहेत. टॅली आणि ड्रॉइंग धरून ३ टीबी डेटा आहे आणि वर्षाला साधारण ६०० जीबीची भर पडते. विक्रेता म्हणतो, चार खणांचा नॅस (नेटवर्कवरून सगळ्यांना वापरता येणारी डिस्कची पेटी) घ्या, ४ टीबीच्या चार डिस्क टाकून रेड ५ करा, मग वेगळ्या बॅकअपची गरज नाही. त्याचं ऐकावं का?

उत्तर : बॅकअपचं अजिबात ऐकू नका. रेड म्हणजे अनेक डिस्क मिळून एकच साठा करण्याची पद्धत. रेड ५ मुळे चारांपैकी एक डिस्क गेली तरी काम थांबत नाही, एवढंच. कुणी चुकून फोल्डर उडवलं, रॅन्समवेअर (फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस) शिरलं किंवा नॅसच चोरीला गेला, तर रेड काहीही परत देत नाही. चार डिस्क असल्या तरी डेटाची प्रत एकच असते.

आता जागेचा हिशोब. रेड ५ मध्ये एका डिस्कइतकी जागा पॅरिटीला (गेलेल्या डिस्कचा डेटा परत उभा करणाऱ्या नोंदींना) जाते, म्हणजे १६ पैकी १२ टीबी उरतात. विंडोजवर हा आकडा १०.९ दिसेल, कारण डिस्क बनवणारे १००० च्या पटीत मोजतात आणि विंडोज १०२४ च्या. त्यावरून दुकानदाराशी भांडू नका. पाच वर्षांनी तुमचा डेटा ६ टीबी होईल. म्हणून आमचा कल ८ टीबीच्या दोन डिस्क घेऊन रेड १ (दोन्हींवर तोच डेटा) करण्याकडे आहे. दोन खण रिकामे राहतात. पुढे जागा कमी पडली तर तिसरी डिस्क घालून बहुतेक नॅसमध्ये रेड १ चं रेड ५ करता येतं. शिवाय डिस्क बदलल्यावर पुनर्बांधणी म्हणजे नुसती कॉपी असते. तरीही सेकंदाला १५० एमबी वेग धरला तर ८ टीबीला पंधरा तास लागतात आणि कामाच्या दिवशी त्याहून जास्त. तेवढ्या वेळात दुसरी डिस्क गेली तर सगळं गेलं, म्हणून दोन्ही डिस्क एकाच लॉटमधल्या घेऊ नका.

डिस्क सीएमआर प्रकारचीच हवी. सीएमआरमध्ये डेटा लिहायचे पट्टे सुटे असतात, एसएमआर डिस्कमध्ये ते कौलांसारखे एकमेकांवर चढवलेले असतात. मधला एक पट्टा बदलायचा तर शेजारचेही पुन्हा लिहावे लागतात आणि पुनर्बांधणी रखडते. २०२० मध्ये वेस्टर्न डिजिटल कंपनीच्या ‘रेड’ (इथे अर्थ लाल) मालिकेतल्या २ ते ६ टीबीच्या काही डिस्क एसएमआर असल्याचं उघड झालं. त्यानंतर सीएमआरसाठी ‘रेड प्लस’ हे वेगळं नाव आलं. तेव्हा खोक्यावरच्या नावावर जाऊ नका, मॉडेल क्रमांक कंपनीच्या तक्त्यात पाहा. डेस्कटॉपची डिस्कही नको. खराब सेक्टर लागला की ती बराच वेळ तिथेच झगडत बसते आणि नॅस तिला मेलेली समजून बाहेर काढतो. नॅसच्या डिस्क साधारण सात सेकंदांत हार मानून तसं कळवतात.

जोडणी करताना यूपीएसची यूएसबी वायर नॅसला लावा. लाइट गेल्यावर पाच मिनिटांनी नॅस स्वतः नीट बंद होईल असं सेटिंग करा. स्वस्त यूपीएसना हे पोर्ट नसतं, खरेदीआधी बघून घ्या. राउटरमध्ये नॅसचा आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) पक्का करा. ‘ॲडमिन’ नावाचं खातं बंद करून वेगळ्या नावाचं खातं काढा. फाइल सिस्टीम (डिस्कवर फाइली मांडायची पद्धत) कोणती हवी असं विचारलं तर बीटीआरएफएस निवडा. नंतर ती बदलायची तर सगळा डेटा बाहेर काढावा लागतो. स्नॅपशॉट (त्या क्षणीच्या फाइलींची नोंद, जिच्यावरून मागे जाता येतं) दर तासाला घ्या आणि आठवडाभर ठेवा. स्क्रबिंग, म्हणजे सगळा डेटा वाचून चुका तपासणं, महिन्यातून एकदा करा. बिघाडाची सूचना ईमेलवर येईल असं करा आणि चाचणीची मेल खरंच येते का ते पाहा. डिस्क बिघडल्याची बीप त्रास देते म्हणून बंद केलेली आणि मग विसरलेली कार्यालयं कमी नाहीत. प्रत्येक खणावर डिस्कचा सीरियल क्रमांक चिकटवा, नाहीतर घाईत चांगलीच डिस्क बाहेर येते.

बॅकअपसाठी ८ टीबीच्या दोन बाहेरच्या डिस्क घ्या. एक नॅसला, दुसरी मालकांच्या घरी. दर शनिवारी अदलाबदल करा. दोन्ही कायम जोडून ठेवल्या तर रॅन्समवेअर त्यांच्यापर्यंतही पोचतं. टॅलीची प्रत रात्री, सगळीकडून टॅली बंद झाल्यावर घ्या. चालू असताना घेतलेली प्रत अर्धवट असू शकते. कारखाना प्रायव्हेट लिमिटेड असेल तर हिशोबाच्या वह्यांचा बॅकअप भारतातल्या सर्व्हरवर रोज ठेवणं ऑगस्ट २०२२ च्या नियमदुरुस्तीपासून बंधनकारक आहे. तेव्हा टॅलीपुरता रोजचा बॅकअप हवाच. जीएसटीच्या नोंदी वार्षिक विवरणाच्या मुदतीपासून ७२ महिने जपायच्या असतात, त्यामुळे जुन्या वर्षांचे फोल्डर पुसण्याआधी सीएंना विचारा. आणि तीन महिन्यांतून एकदा बॅकअपमधून एखादं फोल्डर परत आणून उघडून पाहा.

प्रश्न : इचलकरंजीत आमचं डिझाइनचं काम चालतं. नवा नॅस, नवा गिगाबिट स्विच, तरी एका संगणकावर कॉपीचा वेग ११ एमबीच्या वर जात नाही. बाकीच्यांना १०० च्या वर मिळतो.

उत्तर : ११ या आकड्यातच निदान आहे. तो संगणक १०० मेगाबिटवर जोडला गेलाय आणि आठ बिटांचा एक बाइट धरला की ते सेकंदाला जेमतेम १२ एमबी होतात. गिगाबिटला केबलच्या आठही तारा लागतात. एक तुटली किंवा क्रिंप करताना सुटली की जोडणी चार तारांवर, म्हणजे १०० मेगाबिटवर घसरते. विंडोजच्या रन खिडकीत एनसीपीए.सीपीएल (ncpa.cpl) टाइप करा आणि जोडणीच्या स्टेटसमध्ये स्पीड पाहा. मग दुसऱ्या संगणकाची पॅचकॉर्ड (भिंतीपासून संगणकापर्यंतची छोटी केबल) लावून बघा. तरीही १०० च दिसलं तर भिंतीतली केबल किंवा मध्ये असलेला आयपी फोन तपासा. जुन्या फोनमधून पुढे गिगाबिट जात नाही. नवी केबल ओढाल तेव्हा पूर्ण तांब्याचीच मागा. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची केबल सर्रास विकली जाते. नॅसची दोन पोर्टं एकत्र जोडून या एका संगणकाचा वेग वाढणार नाही.

प्रश्न : पुण्यात आमचा व्हिडिओ संपादनाचा स्टुडिओ आहे. वेगासाठी नॅसवर आयस्कझी लून (संगणकाला स्वतःची डिस्क वाटेल असा नॅसमधला तुकडा) करून तो दोन्ही संगणकांना जोडला. एकावर ठेवलेल्या फाइली दुसऱ्यावर दिसत नाहीत आणि आता काही फोल्डर उघडतच नाहीत.

उत्तर : आत्ताच दोन्ही संगणकांवरून लूनची जोडणी तोडा. चेकडिस्क (विंडोजचा डिस्कदुरुस्तीचा प्रोग्रॅम) चालवू नका. आयस्कझी फोल्डर देत नाही, कोरी डिस्क देतं. ती आपल्या एकट्याची आहे असं धरून विंडोज एनटीएफएसच्या (आपल्या फाइल सिस्टीमच्या) नोंदी लिहितं. दोन संगणक लिहायला लागले की एकाच्या नोंदींवर दुसऱ्याच्या चढतात. नॅसवर लूनचा स्नॅपशॉट घ्या, त्यातून क्लोन करा, तो क्लोन एकाच संगणकाला जोडा आणि मिळेल ते कॉपी करून घ्या. दुरुस्तीचे प्रयोग त्या क्लोनवर करा, मूळ लूनला हात लावू नका. पुढे दोघांनाही एसएमबीवरचं (विंडोजच्या नेहमीच्या फाइल-शेअरिंगचं) साधं शेअर फोल्डर द्या. वेग कमी वाटला तर २.५ गिगाबिटची कार्डं आणि स्विच घ्या. नॅसवर तसं पोर्ट हवं, मात्र केबल चांगली कॅट ५ई असेल तर ती बदलावी लागत नाही.

प्रश्न : मडगावच्या कार्यालयातला नॅस घरून उघडायचा आहे. राउटरमध्ये पोर्ट, म्हणजे बाहेरून आत यायची वाट, उघडलं तर चालेल का?

उत्तर : नको. जानेवारी २०२२ मध्ये डेडबोल्ट नावाच्या रॅन्समवेअरने इंटरनेटवर उघडे असलेले क्यूनॅप कंपनीचे नॅस गाठून त्यांच्या फाइली कुलूपबंद केल्या. राउटरवर वायरगार्ड व्हीपीएन (इंटरनेटवरून जाणारी कुलूपबंद खासगी वाट) लावा. तुमच्या जोडणीला स्वतःचा पब्लिक आयपी मिळत नसेल (पुष्कळ ब्रॉडबँडवर मिळत नाही), तर टेलस्केल ही तयार व्हीपीएन सेवा वापरा. त्याला पोर्ट उघडावं लागत नाही. राउटरमधलं यूपीएनपी मात्र आजच बंद करा, कारण त्याच्या आधारे नॅस तुम्हाला न विचारता पोर्ट उघडू शकतो.