क्लच प्लेट बदलताना प्रेशर प्लेटचा बोल्ट फ्लायव्हीलमध्ये तुटला, कसा काढू?

तुकडा थोडा जरी वर असेल तर त्यावर नट ठेवून आतून वेल्डिंग मारून घ्या. त्या उष्णतेनेच जाम आटे सुटतात. मग पाना लावून हळूहळू मागेपुढे करत काढा. आत तुटला असेल तर फ्लायव्हील उतरवून लेथवाल्याकडे नेलेलं बरं. घरीच करायचं तर बरोबर मध्यावर सेंटर पंच मारा आणि डाव्या फिरकीचं ड्रिल बिट मशीन उलटं फिरवून चालवा. पुष्कळदा तुकडा त्यानेच बाहेर येतो. एक्स्ट्रॅक्टरवर (तुटका बोल्ट काढायचं उलट्या आट्यांचं हत्यार) मात्र जोर नको. तो आत तुटला तर साधं ड्रिल त्याला कापत नाही, इतका कडक असतो! नवा बोल्ट त्याच ग्रेडचा घ्या. फ्लायव्हील ब्रेक क्लीनरने पुसा, तेल राहिलं तर क्लच स्लिप होईल.