ईसीजी नॉर्मल आहे, तरी बसमध्ये छाती धडधडते. नुसतं बोलून हे बरं होतं का?

म्हापशाहून पणजीला कामावर जाताना बस मांडवीच्या पुलाजवळ आली की जीव घाबरा होतो, आता मरणार असं वाटतं, म्हणून हल्ली पर्वरीलाच उतरून परत फिरता, असं तुम्ही लिहिलंय.

बरं होतं. पण थेरपी म्हणजे नुसतं बोलणं नव्हे. मी फोंड्याचा, याच त्रासासाठी थेरपी घेतली आहे.

तुमची धडधड खरी आहे, तुम्ही नाटक करत नाही. धोका नसतानाही शरीर धोक्याची तयारी करतं, अ‍ॅड्रेनलिन उसळतं. हा घबराटीचा झटका (पॅनिक अटॅक) बहुधा दहा मिनिटांच्या आत शिगेला पोचतो आणि मग आपोआप ओसरतो. तुम्ही मात्र त्याआधीच उतरता. लगेच सुटल्यासारखं वाटतं, आणि मेंदू धडा घेतो की उतरलो म्हणून वाचलो. पुढच्या खेपेला भीती आणखी अलीकडच्या थांब्यावर गाठते.

हे चक्र थेरपीत तुटतं. माझ्या थेरपिस्टबाईंनी मला खोलीतच जागच्या जागी पळायला लावलं. छाती धडधडायला लागली, भीतीही आली. 'आता काही करू नका, बसून राहा,' एवढंच त्या म्हणाल्या. ती ओसरताना मी पहिल्यांदा पाहिली. पुढे बसचा सराव, आधी सोबत घेऊन, मग एकट्यानं. दमवणारं काम आहे, दोन-चार भेटींत उरकत नाही.

थायरॉइड एकदा तपासून घ्या, तो वाढला तरी असं धडधडतं. गोळ्यांची गरज आहे का हे मानसोपचारतज्ज्ञ डॉक्टर ठरवतील. फार्मसीतून परस्पर शांत झोपेच्या गोळ्या आणू नका, त्यांची सवय लागते.

बांबोळीच्या मानसोपचार रुग्णालयाचं नाव काढलं की आपल्याकडे माणसं अजून दचकतात, याचं मला फार वाईट वाटतं. गोवा मेडिकल कॉलेजजवळच्या त्या सरकारी संस्थेत तुमच्या-माझ्यासारखेच लोक ओपीडीत बसलेले असतात. घरचे देवाला कौल लावूया म्हणतात ना? जरूर लावा, मनाला आधार मिळतो. फक्त त्यासाठी डॉक्टरांची भेट पुढे ढकलू नका.

तिथवर जायचा धीर होत नसेल तर 14416 वर फोन करा. टेली-मानसची ही सरकारी सेवा फुकट आहे, रात्रीही चालू असते. जीव नकोसा झाल्याचे विचार येत असतील तर आजच करा.