क्रिएटिनीन 5.8 आहे, डायलिसिस अजून नाही. बाबांना ट्रान्सप्लांटबद्दल आत्ताच सांगावं का?

प्रश्नात तुम्ही लिहिलंय की बाबा 58 वर्षांचे, राहायला फोंड्याला, क्रिएटिनीन (किडनी नीट गाळत नसली की रक्तात साठणारा घटक) 5.8, डॉक्टर "पुढे बघू" म्हणतात. किडनी ट्रान्सप्लांटचा विषय घरात आत्ता काढावा की डायलिसिस लागल्यावर, गोव्यात होतं का, आणि खर्च किती.

आत्ताच काढा. या वयाला 5.8 म्हणजे जीएफआर, किडनीच्या गाळण्याच्या क्षमतेचा आकडा, साधारण 10. हा आकडा 20 च्या खाली उतरला तेव्हाच हे बोलणं व्हायला हवं होतं. दात्याच्या तपासण्या, नात्याचे कागद आणि मंजुरी यांत दोन-तीन महिने सहज जातात. डायलिसिस न लागता थेट ट्रान्सप्लांट करता येतं आणि त्याचे निकाल चांगले असतात, पण ते फक्त जिवंत दात्याकडून. मृत दात्याच्या यादीत नाव जायला राष्ट्रीय नियमावलीप्रमाणे तीन महिन्यांहून जास्त काळ नियमित डायलिसिस झालेलं असावं लागतं. "पुढे बघू" असं सांगितलं की यातला पहिला पर्याय रुग्णाला माहीत व्हायच्या आधीच संपतो.

मी डायलिसिसच्या रुग्णांना आणि घरच्यांना हे पर्याय समजावण्याचं काम करते. म्हणून पेडण्याकडच्या एका बाईंची गोष्ट जरा सविस्तर सांगते, कारण "आधी डायलिसिसवर स्थिर होऊ दे, मग ट्रान्सप्लांटचं सांगू" या सल्ल्याचा हिशेब त्यात पुरता दिसतो.

वय चाळिशीच्या पुढे, दोन मुलं. डायलिसिस सुरू झालं त्या आठवड्यात खाटेशेजारी उभं राहून त्यांना विचारलं गेलं, "डोनर कोण आहे का?" नवरा, सासू, दीर सगळे समोर. नवऱ्याला मधुमेह, त्यामुळे तो म्हणाला नाही. फाइलवर "डोनर नाही" अशी नोंद झाली आणि विषय मिटला. त्या बाईंना कोणी काही विचारलंच नाही. माहेरी धाकटा भाऊ होता, पोर्तुगीज पासपोर्टवर इंग्लंडला गेलेला. परदेशी नागरिकाची किडनी चालत नाही असं घरात सगळ्यांनी धरून ठेवलेलं, आणि ते चुकीचं आहे हे सांगायला कोणी नव्हतं.

पुढच्या दोन वर्षांत हिमोग्लोबिन सहा-सातवर आलं की रक्त चढवायचं, असं चाललं. लोहाची इंजेक्शनं आणि एरिथ्रोपोएटिन (रक्तपेशी वाढवणारं औषध) वेळेवर मिळालं असतं तर त्यातल्या बऱ्याच पिशव्या टळल्या असत्या. दुसऱ्याचं रक्त अंगात गेलं की त्या पेशींवरच्या एचएलए खुणांविरुद्ध अँटिबॉडी तयार होऊ शकतात. गरोदरपणातही होतात, कारण बाळात निम्म्या खुणा नवऱ्याच्या असतात. या बाईंना दोन बाळंतपणं झालेली आणि वर इतकं रक्त चढलेलं. भाऊ चवथीला घरी आला, बहिणीला पाहिलं आणि स्वतःहून म्हणाला, मी देतो. रक्तगट जुळला, एचएलए निम्मं जुळलं, त्याच्या दोन्ही किडन्या उत्तम. आणि क्रॉसमॅच पॉझिटिव्ह आला. क्रॉसमॅचमध्ये दात्याच्या पांढऱ्या पेशींवर रुग्णाचा सीरम (रक्तातला पातळ भाग) टाकतात. पेशी मेल्या तर तीच किडनी शरीरात बसवल्यावर काही तासांत खराब होऊ शकते. सुरुवातीलाच तपासलं असतं तर निकाल निगेटिव्ह यायची शक्यता चांगली होती. आता त्यांचं नाव मृत दात्याच्या यादीत आहे आणि अदलाबदलीसाठी दाता-रुग्णाची दुसरी जोडी शोधणं चालू आहे.

एवढं सगळं त्या एका प्रश्नामुळे झालं. "डोनर कोण आहे का?" हा प्रश्न रुग्णाला विचारायचाच नसतो. आजारी माणूस बहिणीकडे किंवा मुलाकडे किडनी कशी मागणार? आधी पर्याय समजावायचे, तेही घरातल्या सगळ्यांना एकत्र बसवून, रुग्णाची परवानगी घेऊन. मग रुग्णाऐवजी दुसऱ्या कोणी, म्हणजे तुमच्या घरी तुम्ही किंवा एखाद्या काकांनी, नातेवाइकांशी एकेकट्याने बोलायचं. आणि प्रत्येकाला आधीच सांगून ठेवायचं की नको वाटलं तर डॉक्टर "वैद्यकीय कारणाने बसत नाही" एवढंच घरी कळवतील. ही सोय माहीत असली की माणसं मोकळेपणी हो म्हणतात आणि मोकळेपणी नाहीही म्हणतात.

एका बैठकीत सगळं सांगू नका. पहिल्यांदा फक्त तीन वाटा: हिमोडायलिसिस, पोटातलं डायलिसिस म्हणजे सीएपीडी, आणि ट्रान्सप्लांट. इथे शस्त्रक्रियेचे गैरसमज काढा. जुन्या किडन्या सहसा काढत नाहीत. नवी किडनी खाली ओटीपोटात, बहुधा उजव्या बाजूला, जांघेवरच्या रक्तवाहिन्यांना जोडतात. तिची नळी मूत्राशयात शिवतात आणि आत ठेवलेला डीजे स्टेंट (बारीक नळी) काही आठवड्यांनी काढतात. दुसऱ्या बैठकीत दात्याचं बोला: दुर्बिणीने शस्त्रक्रिया, तीन ते पाच दिवस रुग्णालयात, चार ते सहा आठवड्यांत कामावर, तेवढे दिवस जड उचलायचं नाही. शस्त्रक्रियेत दाता दगावण्याचा धोका दहा हजारांत साधारण तीन, हा आकडा लपवू नका. उरलेली किडनी वाढीव काम करते, तरी एकूण क्षमता आधीच्या दोन तृतीयांशाच्या आसपास राहते. मूल व्हायचं असलेल्या मुलीला किडनी दिल्यावर गरोदरपणात रक्तदाब वाढण्याचा धोका थोडा जास्त, हेही तिला स्पष्ट सांगायला हवं. तिसऱ्या बैठकीत औषधं. प्रत्येक वेळी उठताना त्यांनाच विचारा, "काय समजलं ते सांगा." मान हलवणं म्हणजे समजणं नव्हे.

औषधांवर जास्त वेळ द्या, कारण मिळालेली किडनी बऱ्याच वेळा इथे हातची जाते. शरीराने नवी किडनी नाकारू नये म्हणून टॅक्रोलिमस, मायकोफेनोलेट, प्रेडनिसोलोन. टॅक्रोलिमस बारा तासांच्या अंतराने, रोज त्याच वेळी. त्याची रक्तातली पातळी बघायची असेल त्या सकाळी गोळी न घेता रक्त द्यायचं, मग गोळी घ्यायची. गोळी घेऊन गेलात तर आकडा फुगलेला येतो आणि मात्रा विनाकारण कमी केली जाते. तापाला फार्मसीतून परस्पर क्लॅरिथ्रोमायसिन घेतलं की पातळी वर चढते, क्षयाचं रिफाम्पिसिन चालू झालं की कोसळते. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन या दुखण्यावरच्या गोळ्या बंद. चवथीला माटोळीला (गणपतीच्या वर टांगलेल्या चौकटीला) बांधतात ते पपनस खायचं नाही, त्यानेही पातळी वाढू शकते. पहिले काही महिने अर्धकच्ची कालवं आणि तिसऱ्या (शिंपल्या) टाळा, विहिरीचं पाणी उकळूनच प्या, पावसात शेताच्या चिखलात उतरू नका. इथे लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) आहे.

करमलं (स्टार फ्रूट) आणि बिंबल (बिलिंबी) यांचं तर बाबांना आजच सांगा, ट्रान्सप्लांट होवो न होवो. किडनी कमजोर असताना करमलाने न थांबणारी उचकी लागते, भ्रम होतो, झटके येतात. बिंबलाचा रस ऑक्झलेटमुळे किडनी आणखी बिघडवतो.

आता कागद. अवयव प्रत्यारोपणाचा कायदा 1994 चा, दुरुस्ती 2011 ची, नियम 2014 चे. जवळचे नातेवाईक म्हणजे नवरा-बायको, आई-वडील, मुलं, भावंडं, आजी-आजोबा आणि नातवंडं. यांच्याबाहेरचा दाता, म्हणजे मेहुणा, काका, मित्र, असेल तर प्राधिकार समितीची मंजुरी लागते. दाता किंवा रुग्ण परदेशी नागरिक असेल तर सख्खा भाऊ असला तरी समिती लागते आणि त्या देशाच्या दूतावासाकडून नात्याचा दाखला आणावा लागतो. वेळ जातो, पण होतं. गोव्यात पोर्तुगीज पासपोर्टवर गेलेलं माणूस घराघरात आहे, तुमचंही कोणी असेल तर त्याला बाद धरू नका. दुसरी अडचण बहिणीच्या कागदांची येते. लग्नात नाव आणि आडनाव दोन्ही बदललेलं, आधारवर सासरचं नाव, जन्मदाखल्यावर माहेरचं. आई-वडिलांची नावं असलेले दोघा भावंडांचे जन्मदाखले, विवाह नोंदणीचा दाखला आणि दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र आधीच तयार ठेवा. किडनीसाठी पैसे देणं-घेणं हा गुन्हा आहे, पाच ते दहा वर्षं कैद आणि वीस लाखांपासून एक कोटीपर्यंत दंड. एजंट भेटला तर लांब राहा.

रक्तगट जुळत नसला तरी विषय संपत नाही. जुळत नसलेल्या गटाचं ट्रान्सप्लांट रिटुक्सिमॅब आणि प्लाझ्मा बदलून करतात, त्याचा खर्च आणि संसर्गाचा धोका दोन्ही जास्त. अदलाबदल, म्हणजे तुमचा दाता त्यांच्या रुग्णाला आणि त्यांचा तुमच्याला, 2011 च्या दुरुस्तीनंतर कायद्यात बसते. दोन्ही दाते आपापल्या रुग्णाचे जवळचे नातेवाईक हवेत आणि प्राधिकार समितीची मंजुरी लागते.

गोव्यात होतं का, तर होतं. बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) होतं, मृत दात्यांच्या अवयवांचं काम बघणारं राज्याचं सोट्टो कार्यालयही तिथेच आहे. बरेच जण बेळगाव, मुंबई किंवा मणिपालला जातात. 2023 पासून यादीत नाव घालायला त्या राज्याचा रहिवासी असण्याची आणि 65 च्या आत असण्याची अट केंद्राने काढली. खर्चाबद्दल एवढंच सांगते की शस्त्रक्रियेपेक्षा पुढची औषधं मोठी, सुरुवातीला महिन्याला साधारण दहा-पंधरा हजार धरून चला. गोवा मेडिक्लेम आणि दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेत काय बसतं ते दाखल होण्यापूर्वी लेखी विचारा.

काही गोष्टी वर सांगायच्या राहिल्या. सगळ्यांना ट्रान्सप्लांट बसत नाही. चालू कर्करोग, न सुधारणारं हृदय, उपचार न झालेला क्षय असेल तर नाही. मधुमेही रुग्णाला आधी हृदयाची पूर्ण तपासणी लागते. बाबांचा आजार पॉलिसिस्टिक (किडनीत गाठी होणारा, घराण्यात उतरणारा) असेल तर तुमची आणि भावंडांची सोनोग्राफी आधी, दात्याचं नंतर. किडनी कायमची नसते, जिवंत दात्याची साधारण पंधरा वर्षं किंवा जास्त, मृत दात्याची त्याहून कमी. आणि काही जण सगळं समजून घेऊन डायलिसिसच निवडतात. त्यांना भरीस घालू नये.

एक मात्र ठाम सांगते. देशात जिवंत दात्यांत बायका जास्त आणि किडनी मिळणाऱ्यांत पुरुष जास्त, हे सरकारी आकड्यांतच दिसतं. म्हणून 2014 च्या नियमांत दाता बाई असेल तर तिची संमती रुग्णाखेरीज दुसऱ्याकडून पडताळण्याची खास तरतूद आहे. तुमच्या घरी चर्चा सुरू झाली की सगळे आईकडे बघतील. आईशी एकटीशी बोला, आणि तिच्या आधी काकांची, आत्यांची आणि तुमची स्वतःची रक्तगट तपासणी करून घ्या. "रुग्णांना झेपत नाही, म्हणून आधी सांगत नाही" असं म्हणणारे आमच्या क्षेत्रात पुष्कळ आहेत. त्या पेडण्याच्या बाई आता स्वतःच्या अँटिबॉडीचा टक्का तोंडपाठ सांगतात. न झेपणारं त्यात काही नव्हतं.

या आठवड्यात करायचं ते: बाबांचा डावा हात राखा (डावखुरे असतील तर उजवा), त्यावर सुई नको, सलाईन नको. डायलिसिस लागलंच तर फिस्टुला (सुई टोचण्यासाठी धमनी-शिरेचा केलेला जोड) तिथे करायचा असतो आणि तो वापरण्याजोगा व्हायला सहा-आठ आठवडे लागतात. हिपॅटायटिस बीची लस दुप्पट मात्रेत, 40 मायक्रोग्रॅम, 0, 1, 2 आणि 6 महिन्यांनी. दात दाखवून घ्या. रक्त चढवायची गोष्ट निघाली तर आधी विचारा की फेरिटिन (अंगातला लोहाचा साठा) तपासलं का आणि लोह देऊन भागेल का. अगदीच लागलं तर पांढऱ्या पेशी गाळलेलं रक्त मागा. त्याने अँटिबॉडीचा धोका कमी होतो, जात नाही.