अ‍ॅडव्होकेट, सॉलिसिटर, बॅरिस्टर, अ‍ॅटर्नी: पुण्याच्या सनदधारक मुलीने लंडनच्या फॉर्मवर काय लिहावं?

तुमचा प्रश्न असा आहे: मुलगी पुण्यात एलएल.बी. झाली, सनद म्हणजे वकिलीचा परवाना मिळाला, आता लंडनच्या एका अभ्यासक्रमाचा फॉर्म भरते आहे. व्यवसायाच्या रकान्यात लॉयर, सॉलिसिटर, बॅरिस्टर, अ‍ॅटर्नी असे पर्याय आहेत, अ‍ॅडव्होकेट मात्र नाही. हे सगळे एकच का, आणि तिने खूण कशावर करावी?

खूण 'लॉयर'वर करावी. तपशील लिहायला जागा असेल तिथे 'अ‍ॅडव्होकेट, बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवा' असं लिहून सनदेचा क्रमांक आणि वर्ष द्यावं. सॉलिसिटर किंवा बॅरिस्टरवर चुकूनही खूण करू नये. ही दोन्ही नावं इंग्लंडमध्ये कायद्याने राखून ठेवलेली आहेत आणि पात्रता नसताना जाणूनबुजून ती लावणं हा तिथे गुन्हा आहे. 'लॉयर' या शब्दावर तिथे असं बंधन नाही.

मी शिवाजीनगर कोर्टात दिवाणी कामं करते. माझ्या बऱ्याच पक्षकारांची मुलं परदेशात आहेत, त्यामुळे या नावांचा गोंधळ रोज टेबलावर येतो. सगळ्यांना मी एकच सांगते: इथल्या नावाला तिथलं नाव जोडायला जाऊ नका, त्या माणसाला काय करायचा अधिकार आहे ते विचारा. तो कोर्टात उभा राहू शकतो का? पक्षकाराचे पैसे सांभाळू शकतो का? त्याच्या सहीने दस्त पक्का होतो का? आणि त्याची सनद कोण काढून घेऊ शकतं?

इंग्लंडमध्ये पक्षकार सहसा आधी सॉलिसिटरकडे जातो. करार, घरखरेदी, मृत्युपत्र, पत्रव्यवहार हे सगळं तो बघतो आणि पक्षकाराचे पैसे वेगळ्या खात्यात ठेवतो. बॅरिस्टर मुख्यतः कोर्टात बाजू मांडतो आणि कायद्यावर लेखी मत देतो, पक्षकाराचे पैसे ठेवत नाही. लंडनच्या चार 'इन्स', म्हणजे बॅरिस्टरांच्या जुन्या संस्था, त्यांपैकी एकीने बोलावल्याशिवाय बॅरिस्टर होता येत नाही. गांधीजी इनर टेंपलमधून 1891 मध्ये बॅरिस्टर झाले, बाबासाहेब ग्रेज इनमधून 1922 मध्ये. 1990 च्या कायद्यानंतर सॉलिसिटरलाही जादा पात्रता मिळवून वरच्या कोर्टांत उभं राहता येतं, त्यामुळे ही भिंत आता पूर्वीइतकी उंच नाही.

शिक्षण वेगळं आणि व्यवसायाचा अधिकार वेगळा, हे समजून घ्यायला कॉर्नेलिया सोराबजींइतकं बोलकं उदाहरण नाही. आपल्या डेक्कन कॉलेजच्या विद्यार्थिनी. 1892 मध्ये ऑक्सफर्डची कायद्याची परीक्षा त्या उत्तीर्ण झाल्या, पण बाई म्हणून त्यांना ना तिथली पदवी मिळाली, ना बॅरिस्टर होता आलं. इंग्लंडने स्त्रियांसाठी हा दरवाजा 1919 च्या कायद्याने उघडला, हिंदुस्थानात त्यासाठी 1923 चा कायदा यावा लागला. ज्ञान पुरेपूर, अधिकार शून्य, अशी तीस वर्षं. तुमच्या मुलीच्या हातातली सनद किती मोलाची आहे, हे यावरून कळावं.

आपल्याकडेही एके काळी वकील, प्लीडर, मुखत्यार, अ‍ॅटर्नी, बॅरिस्टर अशी उतरंड होती. 1961 च्या अ‍ॅडव्होकेट्स अ‍ॅक्टने ती मोडून एकच वर्ग केला: अ‍ॅडव्होकेट. मुंबई हायकोर्टाच्या मूळ शाखेत, म्हणजे जिथे दावे थेट हायकोर्टातच दाखल होतात तिथे, सॉलिसिटरची वेगळी पद्धत 1976 पर्यंत टिकली. बॉम्बे इन्कॉर्पोरेटेड लॉ सोसायटी सॉलिसिटरची परीक्षा आजही घेते, पण कोर्टात उभं राहायचा हक्क सनदेनेच मिळतो. तरी कामाची ती विभागणी आपल्याकडे थोडी उरली आहेच. सीनियर अ‍ॅडव्होकेट, म्हणजे कोर्टाने तो दर्जा दिलेला ज्येष्ठ वकील, स्वतः वकीलपत्र दाखल करू शकत नाही, त्याच्यासोबत दुसरा वकील लागतो. सुप्रीम कोर्टात कागद दाखल करायचा तर अ‍ॅडव्होकेट ऑन रेकॉर्डच, म्हणजे त्या कोर्टाने त्यासाठी नोंदवलेला वकीलच हवा. म्हणजे बॅरिस्टर आणि सॉलिसिटर ही नावं गेली तरी ती दोन कामं राहिली.

आणखी एक खाच. स्कॉटलंडमध्येही 'अ‍ॅडव्होकेट' आहे, पण तो एडिंबराच्या फॅकल्टी ऑफ अ‍ॅडव्होकेट्सचा सभासद, म्हणजे इंग्लंडच्या बॅरिस्टरसारखा. त्यामुळे ब्रिटनमध्ये नुसतं 'अ‍ॅडव्होकेट' लिहिलं तर वाचणाऱ्याचा गैरसमज होऊ शकतो. पुढे बार कौन्सिलचं नाव लिहायला सांगते ते म्हणूनच.

अमेरिकेत असे दोन वर्ग नाहीत. तिथे अ‍ॅटर्नी अ‍ॅट लॉ कोर्टातही जातो आणि करारही करतो, पण परवाना राज्यागणिक वेगळा. न्यूयॉर्कचा अ‍ॅटर्नी केवळ त्या परवान्यावर टेक्सासच्या राज्य न्यायालयात वकिली करू शकत नाही. आपली सनद मात्र देशभर चालते.

सगळ्यात जास्त नुकसान होतं ते 'अ‍ॅटर्नी' आणि 'नोटरी' या दोन नावांमुळे. कोथरूडचा फ्लॅट विकायचा होता, मालक न्यू जर्सीत. त्यांनी चुलतभावाच्या नावे कुलमुखत्यारपत्र करून पाठवलं. या कागदात 'अ‍ॅटर्नी' म्हणजे तो चुलतभाऊ, त्याला कायद्याचं शिक्षण असण्याची गरज नाही. मालकांनी मसुदा इंटरनेटवरून घेतला होता आणि बँकेतल्या नोटरीसमोर सही केली होती. नोटरीचा शिक्का आहे म्हणजे मजकूर कोणीतरी तपासला, असं ते धरून चालले. अमेरिकेतला नोटरी बहुतेक राज्यांत वकील नसतो. तो सही करणाऱ्याची ओळख पटवतो, मजकुराचं बरंवाईट बघत नाही. दुय्यम निबंधकांसमोर दस्त कबूल करून देण्याचा अधिकारच त्या मसुद्यात नव्हता. सगळं पुन्हा: नवा मसुदा, नवी सही, अपोस्टिल (कागद दुसऱ्या देशात ग्राह्य धरावा म्हणून तिथल्या सरकारचा दाखला), आणि कागद महाराष्ट्रात पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत मुद्रांक. तोवर खरेदीदार थांबला, हे नशीब.

आपल्याकडचा नोटरी 1952 च्या कायद्याखाली सरकार नेमतं आणि त्यासाठी वकिलीचा बऱ्याच वर्षांचा अनुभव लागतो. पण इथेही नोटरी केलेला करार म्हणजे नोंदणीकृत दस्त नव्हे. कोर्टाबाहेर लाल शिक्का मारून घेतला की जागा नावावर झाली, असं समजणारी माणसं मला आजही भेटतात आणि फार वाईट वाटतं, कारण त्यात आयुष्यभराची पुंजी अडकलेली असते. याउलट जर्मनीत घराचा खरेदीकरार नोटरीशिवाय वैधच होत नाही. नोटरी तो दोन्ही पक्षांसमोर मोठ्याने वाचून दाखवतो, शंका सोडवतो आणि मग सह्या होतात. फ्रान्समध्येही घराचा खरेदीदस्त नोटरीच करतो. एकच नाव, पण न्यू जर्सीत ओळख पटवणारा आणि बर्लिनमध्ये दस्त घडवणारा.

मुलगी पुढे नोकरीकडे वळणार असेल तर हेही माहीत असू द्या. हिंजवडीतल्या कंपनीच्या लीगल विभागात पूर्णवेळ पगारी नोकरी धरली, तर बार कौन्सिलच्या नियमाप्रमाणे तिला तसं कळवून वकिली थांबवावी लागते. तेवढा काळ तिने स्वतःला प्रॅक्टिसिंग अ‍ॅडव्होकेट म्हणवू नये. इंग्लंडचा सॉलिसिटर मात्र कंपनीच्या पगारावर राहूनही सॉलिसिटरच असतो. तिथे सॉलिसिटर व्हायचं असेल तर 2021 पासून एसक्यूई ही परीक्षा आहे आणि आपल्या सनदधारक वकिलांना ती देता येते.

एक काम आत्ताच करून ठेवा. परदेशातल्या नियामक संस्था बार कौन्सिलकडून 'सर्टिफिकेट ऑफ गुड स्टँडिंग' मागतात, म्हणजे सनद चालू आहे आणि शिस्तभंगाची कारवाई प्रलंबित नाही असा दाखला. त्याचा अर्ज वेळ हाताशी ठेवून करा आणि सनदेवरचं नाव पासपोर्टशी अक्षरन् अक्षर जुळतं का ते आधी बघा. लग्नानंतर एका जागी नाव बदललं आणि दुसरीकडे राहिलं, तर ते आधी दुरुस्त करून घ्या.